बास्केटबॉल जीएम: सीझन सुरू होण्याआधी संघ जोखायला कितपत कामाचा?

बास्केटबॉल जीएम हा ब्राउझरमध्ये चालणारा फुकटचा गेम आहे. जेरेमी शेफलर यांनी तो बनवला. अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी आणि बेसबॉलची त्याची भावंडंही आहेत. यात बोटांच्या चपळाईला काम नाही. तुम्ही जनरल मॅनेजर: खेळाडू घ्यायचे, सोडायचे, करार करायचे, तिकिटाचा दर ठरवायचा. सामना गेमच एकेक पझेशन (एका संघाकडे चेंडू असण्याची पाळी) करत खेळतो आणि बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूंच्या कामगिरीचा तक्ता, समोर ठेवतो. एकदा उघडला की इंटरनेट नसलं तरी चालतो, साध्या फोनवरही चालतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कोर्टवर सकाळ-संध्याकाळच जमतं. मधल्या दुपारसाठी हा गेम बरा.

संपूर्ण गेमचा आढावा इथे घेत नाही. प्रश्न एवढाच: मित्रांची लीग चालवताना सीझनच्या तोंडावर तीसही संघांचं भाकीत लिहायचं असेल, तर गेम काय हातात देतो आणि काय लपवून ठेवतो? आकडे भरपूर देतो, त्यातले बरेच खरेही असतात. पण ज्या एका आकड्यावर, म्हणजे संघाच्या रेटिंगवर, सगळे विसंबतात, त्यात संघाची जुळणी धरलेलीच नसते.

आधी वेळेचं बघू, कारण सगळ्यात जास्त मेहनत तिथेच वाया जाते. गेममधलं वर्ष ठरलेल्या क्रमाने फिरतं: प्लेऑफ (बाद फेऱ्या), ड्राफ्ट (नवोदितांची निवड), स्वतःच्या खेळाडूंचे करार वाढवणं, ३० दिवसांची फ्री एजन्सी (करार नसलेले खेळाडू घ्यायचा काळ), मग प्रीसीझन, मग रेग्युलर सीझन. खेळाडूंचं रेटिंग वर-खाली होतं ते प्रीसीझनमध्ये पाऊल टाकल्या क्षणी. फ्री एजन्सीच्या विसाव्या दिवशी बसून लिहिलेलं भाकीत म्हणजे मागच्या वर्षाचे गुण पाहून या वर्षाचा निकाल लावणं. विशीतला पोरगा एका क्लिकमध्ये आठ-दहा गुण वर जाऊ शकतो, तेहेतीस वर्षांचा स्टार तेवढाच खाली. म्हणून प्रीसीझन लागू द्या आणि रेग्युलर सीझनचं बटण दाबण्याआधी थांबा. भाकिताची खिडकी तेवढीच. आपलं रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) १५ वर आणायचं कामही तेव्हाच उरका, त्याहून जास्त खेळाडू असतील तर गेम सामना खेळूच देत नाही. संगणकाचे संघसुद्धा जादा खेळाडू सोडतात, तेव्हा फ्री एजंटची यादी पुन्हा एकदा चाळा. चांगला राखीव खेळाडू किमान पगारात तिथेच मिळतो.

या खिडकीत सीझन प्रिव्ह्यू नावाचं पान कामाला येतं. अव्वल खेळाडू, सुधारलेले आणि घसरलेले खेळाडू, वरचे संघ, सगळं एका नजरेत. सुरुवात म्हणून झकास, पण हे पान फक्त टोकं दाखवतं. बाराव्या ते विसाव्या क्रमांकाच्या संघांबद्दल त्यात जवळपास काहीच नसतं, आणि वाद नेमके त्यांच्यावरूनच होतात. त्यासाठी पॉवर रँकिंग्ज उघडा. तिथे प्रत्येक संघाची दोन रेटिंग असतात: एक सगळे तंदुरुस्त धरून, दुसरं आज जखमी असलेले वगळून. दोन्हींत मोठी तफावत दिसली की रोस्टरवर जाऊन दुखापत किती सामन्यांची आहे ते बघा. ८२ सामन्यांच्या सीझनमध्ये दहा सामन्यांची दुखापत किरकोळ, साठ सामन्यांची म्हणजे वर्षच गेलं.

आता त्या संघाच्या रेटिंगकडे. वरचे दहा खेळाडू त्यांच्या ओव्हरऑल (एकूण) रेटिंगने उतरत्या क्रमाने लावले जातात आणि प्रत्येकाला आधीच्यापेक्षा कमी वजन मिळतं. दहाव्याचं वजन पहिल्याच्या पाचव्या हिश्शाइतकंही नसतं. म्हणजे सर्वोत्तम खेळाडू पाच गुणांनी वाढला तर संघ जेवढा वर जातो, तेवढा फरक दहाव्याला पंचवीस गुण वाढवूनही पडत नाही. अकरावा ते पंधरावा तर हिशोबातच नाहीत, त्या जागा कोवळ्या पोरांना द्याव्यात. तरी निव्वळ स्टार घेऊन भागतं असं समजू नका. एक ७५ चा, एक ६० चा आणि बाकी आठ ४५ चे असा संघ, आणि दहाही जण ५५ चे असा दुसरा. कागदावर दुसराच वरचढ ठरतो. ‘आमच्याकडे एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) आहे’ म्हणत पैज लावणाऱ्याला आधी त्याचा सहावा, सातवा, आठवा खेळाडू कोण ते विचारा.

जुळणीचा मुद्दा इथेच येतो. प्रत्येक खेळाडूचे १५ गुण असतात: उंची, ताकद, वेग, उडी, दमसास, मग आतून मारणं, डंक, फ्री थ्रो, मधल्या अंतरावरचा शॉट, थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट), आक्रमणाची आणि बचावाची समज, ड्रिबल, पास, रिबाउंड. त्यातले काही ठरावीक मिश्रणात उंबरठ्यापलीकडे गेले की नावापुढे कौशल्याचं अक्षर लागतं: थ्री मारणारा, चेंडू हाताळणारा, पास देणारा, पोस्टमधून (बास्केटजवळून) गुण काढणारा, ॲथलीट, आतला बचाव, बाहेरचा बचाव, रिबाउंडर. मैदानावरच्या पाच जणांत ही अक्षरं एकमेकांना पूरक असली की सिनर्जी, म्हणजे जुळणीचा जादा फायदा, मिळते. संघाच्या रेटिंगमध्ये ती मोजलेली नसते. शिवाय आक्रमणाच्या सिनर्जीला एक अट आहे: पाचांत चेंडू हाताळणारा, पास देणारा किंवा ॲथलीट कुणीच नसेल तर बाकीच्या अक्षरांचा फायदा बराच छाटला जातो. चार थ्रीवाले आणि एक पोस्टवाला असा संघ कागदावर देखणा असतो, आणि रेटिंगच्या मानाने कमी जिंकतो. तर्री कितीही झणझणीत असली तरी खाली पोहे लागतातच.

म्हणून भाकीत लिहिताना प्रत्येक संघाच्या पहिल्या सात जणांची अक्षरं कागदावर उतरवा. तीस संघांना तासभर लागतो, पण मधल्या गर्दीतले संघ यावरूनच वेगळे काढता येतात. दोन संघांच्या रेटिंगमध्ये दोन-तीन गुणांचाच फरक असेल तर ज्याची अक्षरं विविध, त्याला वर ठेवा. फरक दहाचा असेल तर अक्षरं विसरा. सिनर्जी चवीपुरती असते, ताकदीचा फरक ती भरून काढत नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट नवख्यांना पटत नाही. ओव्हरऑल रेटिंगमध्ये सर्वांत जास्त वजन उंचीला आहे, आणि ती सरावाने वाढणारी चीज नव्हे. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या उंच पोराचं आजचं रेटिंग कमी असलं तरी त्याचा पाया पक्का असतो. उलट तिशीपुढे वेग आणि उडी आधी जातात, शॉट आणि समज मागून. वयस्क संघाचं रेटिंग या वर्षापुरतं खरं धरा, पण ‘अजून तीन वर्षं राज्य’ असं लिहू नका.

नवोदितांच्या बाबतीत गेम मुद्दाम धुकं ठेवतो. ड्राफ्टमधल्या पोरांचे दिसणारे गुण खऱ्या गुणांपासून थोडे सरकवलेले असतात, आणि ते किती सरकवायचे हे स्काउटिंगवर (नवोदितांच्या पारखीवर) खर्च केलेल्या पैशावर ठरतं. एखाद्या रूकीला (पहिल्या वर्षाच्या खेळाडूला) ५२ दिसतात म्हणून त्याच्या संघाला दोन जागा वर ढकलणं हा शुद्ध जुगार. ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) पानावर संघ जिंकण्याच्या मागे आहे की नव्याने बांधणीत, तेही दिसतं. बांधणीतल्या संघात तिशीपुढचा तगडा खेळाडू असेल तर तो सीझन संपेपर्यंत तिथेच राहील असं गृहीत धरू नका.

आता आपल्या गावची लीग. नवी लीग बनवताना कस्टमाइझमध्ये जाऊन संघांची नावं, प्रदेश, रंग, लोकसंख्या सगळं बदलता येतं. तीस संघांच्या तयार लीगमध्ये एक नागपूर घुसवायचं असेल तर लोकसंख्येचा रकाना नीट भरा, तो दशलक्षांत असतो. २०११ च्या जनगणनेत शहर २४ लाखांवर होतं, म्हणजे २.४. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पंगतीत हे बाजारपेठ म्हणून खालच्या अर्ध्यात जातं: उत्पन्न कमी, पण सॅलरी कॅप (पगारांची मर्यादा) सगळ्यांना सारखी. लक्झरी टॅक्सची (जादा पगारांवरच्या कराची) रेषा ओलांडली तर वरच्या रकमेच्या दीडपट भुर्दंड बसतो, आणि तो छोट्या गावाला जास्त झोंबतो. भाकितात हेही धरा: कर भरत असलेला छोटा संघ मालकाला नाराज करतो, आणि सलग नाराजीनंतर मॅनेजरची नोकरी जाते.

धरमपेठ, महाल, इतवारी, सीताबर्डी, सदर अशी दहा मोहल्ल्यांची लीग करायची असेल तर सगळ्यांची लोकसंख्या सारखीच ठेवा, नाहीतर पाच वर्षांत एकाच मोहल्ल्याकडे पैसा साचतो. प्लेऑफच्या फेऱ्याही तपासा. मूळ रचना तीस संघांसाठी चार फेऱ्यांची आहे, दहा संघांना दोन पुरतात. खेळाडूंची नावं मुळात बहुतांश अमेरिकी येतात, पण प्लेअर बायो इन्फोमध्ये देश आणि नावांची यादी आपली टाकता येते. पडद्यावरची भाषा मात्र इंग्रजीच, मराठीची सोय नाही.

ट्रेडची अवघडपणाची पातळी ईझी, नॉर्मल, हार्ड, इन्सेन अशी चार टप्प्यांत आहे. ग्रुपची लीग असेल तर हार्डच्या खाली जाऊ नका. ईझीवर संगणकाचे संघ इतके भोळे असतात की जो रात्रभर जागून ट्रेड करेल तो जिंकतो, मग भाकितात काही राम उरत नाही.

गेम एकट्याने खेळायचा आहे. अनेकांनी मिळून खेळायचं तर एकाने कमिशनर (लीगचा प्रमुख) व्हायचं, गॉड मोड (लीगमध्ये हवं ते बदलू देणारी सोय) चालू करून मल्टी टीम मोडमध्ये सगळ्यांचे संघ हातात घ्यायचे, बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर आपले निर्णय कळवायचे. गॉड मोड एकदा लावला की त्या लीगमध्ये अचिव्हमेंट मिळत नाहीत, ते सोसायचं. प्रीसीझन लागल्याबरोबर कमिशनरने लीगची फाइल एक्स्पोर्ट करून ग्रुपवर टाकावी. बाकीचे ती आपापल्या ब्राउझरमध्ये नवी लीग म्हणून चढवतात आणि तेच आकडे बघून भाकीत लिहितात. कुणी हौसेने त्या प्रतीत सीझन पळवून निकाल ‘आधीच’ बघितला तरी बिघडत नाही. फासे दर वेळी नवे पडतात.

एक्स्पोर्टचं महत्त्व दुसऱ्या कारणानेही आहे. सगळी लीग तुमच्या ब्राउझरच्या साठ्यात असते, कुठल्या सर्व्हरवर नाही. फोनची जागा मोकळी करताना साइट डेटा पुसला की वीस वर्षांचा इतिहास गेला, परत मिळत नाही. एका ब्राउझरमधली लीग दुसऱ्यात दिसत नाही, आणि इनकॉग्निटोमध्ये सुरू केलेली खिडकी बंद करताच उडते. फाइल फुगून फोन अडखळू लागला तर टूल्समध्ये जुना डेटा काढायची सोय आहे. जुने बॉक्स स्कोअर काढा, खेळाडूंची आकडेवारी ठेवा. पुढच्या वर्षी भाकीत लिहिताना तीच लागते. फाइलच्या नावात वर्ष आणि टप्पा दोन्ही टाका. नुसत्या ‘फायनल’ नावाच्या चार फाइली ग्रुपवर फिरू लागल्या की प्रत्येक जण वेगळ्याच लीगचं भाकीत लिहीत बसतो.