इंजिन बंद होतं आणि पाणी पडत होतं

आकडा आधी लिहून टाकतो: १३,५६,५०० रुपये. राहायला म्हणून जुनी बोट घेताना मी फसलो, त्यात एवढे गेले. कितीतरी दिवस हा आकडा मी नातेवाइकांपासून लपवला, मुलाला तर निम्माच सांगितला. आता लपवत नाही. का, ते शेवटी कळेल.

मी धुळ्याला एसटीच्या कार्यशाळेत ३४ वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि बसवली. २०२२ मध्ये निवृत्त झालो. महिन्याची पेन्शन ३,१४० रुपये, म्हणजे जे काही गाठीला होतं ते ग्रॅच्युइटीचं आणि फंडाचं. "या वयात बोट कशाला?" असं पोलीस ठाण्यात विचारलं, बँकेत विचारलं, साडूनं विचारलं. माझं आजोळ सारंगखेड्याजवळचं. लहानपणी मामाबरोबर नावेतून तापी ओलांडायचो, ते पाणी मनातून कधी गेलंच नाही. आणि आमच्या मंडळींनी देवपुरात पत्र्याच्या दोन खोल्यांत बत्तीस उन्हाळे काढलेत. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला तो पत्रा काय करतो हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. नाशकात मुलाजवळ एक खोली घ्यायची तर पैसे पुरत नव्हते. पावसाळा धुळ्यात, दिवाळी ते मे बोटीवर, असा आमचा बेत होता. चैन नव्हती ती. दोघांनी वहीत मांडलेला हिशेब होता.

मध्यस्थ भेटला दोंडाईच्याला एका लग्नात. मूळचा शहाद्याकडचा, आता पनवेलला असतो म्हणाला. आधी मी तापीवरच विचारत होतो. प्रकाशा, सारंगखेडा इथल्या बॅरेजमुळे पाणी असतं. पण राहण्यासारखी बोट तिथे कोण विकणार, आणि जलसंपदाची परवानगी कोण देणार? तो म्हणाला, कोकणात दाभोळच्या खाडीत एक आहे. फायबरची, आत दोन बिछाने, ओटा, संडास, सहा सिलिंडरचं इंजिन. मालक आजारी, म्हणून विकतोय. हे सगळं आहिराणीत. "अण्णा, तुम्ही मना बापना जागावर शेतस, मी तुमले फसाडसू का?" परक्या मुलखातल्या व्यवहारात आपली बोली कानावर पडली की माणूस सैल होतो. मी झालो.

त्यानं बोलावलं १६ नोव्हेंबर २०२४ ला. "सकाळी अकराच्या आत या, संध्याकाळपर्यंत थांबू नका, घाट लागतो." दुसऱ्यांदा बोलावलं १ डिसेंबरला. तीच वेळ. त्या दिवशी अमावास्या. आमच्या मंडळी म्हणाल्या, अमावास्येला पैसे द्यायचे नाहीत. मीच त्यांना गप्प केलं.

आता समजलंय ते सांगतो. १६ नोव्हेंबर हा कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं. त्या बाजूला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली जातं. म्हणजे दोन्ही वेळा त्यानं मला बोट भरपूर पाण्यावर तरंगताना दाखवली आणि ती गाळात बसून तळ उघडा पडायच्या आत चहा पाजून वाटेला लावलं. सहापर्यंत थांबलो असतो तर एक रुपया न देता तळ दिसला असता. धुळ्याच्या माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुठून ठाऊक असणार? पण बोट घ्यायला निघालोच होतो तर ते विचारायला हवं होतं. पहिली भेट ठरवायची तर वेळ तुम्ही ठरवा, विकणाऱ्याला ठरवू देऊ नका. ओहोटीला जा.

आणि आता ते पाणी.

पहिल्या दिवशी आम्ही धक्क्यावर उभे होतो. साधारण साडेदहा. बोटीवर कुणी चढलं नव्हतं. इंजिन बंद. बोटीच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या वर वीतभर, एक भोक होतं आणि त्यातून करंगळीएवढी धार खाली पडत होती. मंडळींनीच पाहिलं. म्हणाल्या, "अहो, हाई पानी कथाइन पडी ऱ्हायनं?" मध्यस्थानं तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं: "इंजिन गार ठेवानं पानी शे ते."

इंजिन बंद होतं. पंधरा मिनिटांनी ते मीच, माझ्या हातानं चालू केलं. बंद इंजिनाला कोण गार ठेवतं? ३४ वर्षं ज्या माणसानं पाण्याचे पंप उघडले, त्याला हे सुचलं नाही. ती धार तळात साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची होती. धक्क्यावरून वीज घेऊन तो पंप रात्रंदिवस चालू ठेवला होता, कारण बोट रात्रंदिवस गळत होती. त्याला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. त्याच्या वाटचं मी बोललो. झोप उडते ती पैशांनी नाही, या एका वाक्यानं.

यात माझी चूक किती आणि त्याचा कावा किती, हे मी अनेकदा तोललंय. त्याला लग्नातच कळलं होतं की मी डिझेलवाला. म्हणून त्यानं मला सरळ इंजिनाकडे नेलं. दोन तास मी त्यातच होतो. डिपस्टिक पाहिली, धुराचा रंग पाहिला, कॉम्प्रेशन पाहिलं, नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबर टॉर्च लावून ताडून पाहिला. जुळला. इंजिन खरंच चांगलं होतं, आपल्या बसच्या इंजिनाच्याच घडणीचं, समुद्रासाठी बदल केलेलं. नंबर जुळला म्हणजे बोट तीच, असं मी धरलं. प्रत्यक्षात कागद आणि इंजिन एका बोटीचे, आणि धड दुसऱ्याच बोटीचं. कागदावर लांबी ९.२ मीटर. नंतर टेप लावला तेव्हा जागेवर भरली १०.६. टेप माझ्या पिशवीत दोन्ही भेटींत होता.

पैसे कसे गेले ते तारखेवार लिहितो. मागणी १४,५०,००० ची, ठरले ११,७५,०००. १६ नोव्हेंबरला शकुनाचे ५१,०००. १९ नोव्हेंबरला आरटीजीएसनं ३,००,०००. १ डिसेंबरला रोख २,२४,०००. ३ डिसेंबरला पुन्हा आरटीजीएस, ६,००,०००. दोन आरटीजीएस दोन वेगळ्या नावांच्या खात्यांत गेले, दोन्ही नावं करारात नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाला, मालकाचा भाचा आहे, मालक दवाखान्यात. रोख रकमेची पावती नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं घेणाऱ्याला बंद आहे, हे मला वकिलांनी नंतर सांगितलं. तुमच्याकडे कुणी एवढी रोख मागितली तर तिथेच उठा.

याशिवाय मध्यस्थी ३५,०००, "नावावर करण्याचे" ४८,५००, विम्याचे २२,०००, धक्क्याचं सहा महिन्यांचं भाडं ३६,०००. विम्याची पॉलिसी खोटी निघाली. नावावर झालं ते फक्त ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीपुढे. गाडी जशी आरटीओत नावावर होते तशी बोट नोंदणी अधिकाऱ्याकडे व्हावी लागते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणीचा दाखला आहे, तपासणीचा दाखला आहे, विमा आहे. तपासणीचा दाखला मी मागितलाच नाही, कारण असं काही असतं हे माहीत नव्हतं. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. नोंदणी क्रमांक घेऊन स्वतः कार्यालयात जा, मालकाचं नाव आणि बोजा बघा, मगच शकुनाचे पैसे.

८ डिसेंबरला आम्ही राहायला गेलो. गादी, स्टो, देवघरातली अन्नपूर्णा, कळण्याचं पीठ, सगळं धुळ्याहून नेलं होतं. संध्याकाळी मंडळींनी भाकरी केल्या. खाडीवर वारा होता. त्या म्हणाल्या, इथे पंखा लागणार नाही. रात्री कधीतरी धक्क्यावरची वीज गेली. बॅटरीवर पंप काही वेळ चालला असेल, मग थांबला. सव्वातीनला मंडळी उठल्या आणि पाय खाली टाकला तो घोट्यापर्यंत पाण्यात. आम्हा दोघांनाही समुद्रात पोहता येत नाही. मी ओरडलो. शेजारच्या मच्छीमार बोटीवरचे तिघं आले, त्यांनी आधी हिला धक्क्यावर काढलं, मग स्वतःचा पंप लावला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यातला एक म्हणाला, "काका, ही बोट फुटलेली आहे, सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सांगतो, पाहायला गेलात की मध्यस्थाला चहाला पाठवा आणि शेजारच्या बोटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारा. एका वाक्याचं काम होतं.

पुढच्या उधाणाला बोट ओढून वर घेतली, २८,०००. तपासनीसाचे १२,०००. त्यानं लाकडी हातोडीनं तळ ठोकत नेला. चांगल्या जागी टणक आवाज, आणि मधोमध मडक्यासारखा बद्द. रंग खरवडला तर खाली पुट्टी भरलेली, पुट्टीखाली चार फुटांची भेग, आणि आतलं प्लायवुड कुजून बोटानं निघत होतं. वरचा रंग ताजा होता. जुन्या बोटीला फक्त तळाकडून ताजा रंग असेल तर तो रंग कशावर आहे ते खरवडून पाहा. विकणारा नाही म्हणाला तर सौदा नाही.

त्यानंतर जे झालं त्याचा राग मध्यस्थापेक्षा जास्त आहे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही स्वतः बोट पाहून पैसे पाठवलेत, हे आमच्याकडे कसं बसणार. बँकेत गेलो. आरटीजीएस परत येत नाही, ज्याच्या खात्यात गेले त्याची संमती आणा. चोराची संमती मी आणायची. आमच्या इथल्या ठाण्यात गेलो. "व्यवहार कोकणात झाला, तिकडे जा." एसटीचा निवृत्तांचा पास म्हणून तिकीट लागलं नाही, पण साठी उलटलेल्या माणसाचे चौदा-पंधरा तासांत गुडघे जातात. तिथल्या ठाण्यात: "पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडे द्या. आणि हा दिवाणी वाद आहे." हद्दीचा प्रश्न असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. त्या कलमाची छापील प्रत मी पुढे केली. साहेबांनी ती माझ्याच पिशवीत परत ठेवली. म्हणाले, "काका, वाचून आलात, छान." एका हवालदारानं विचारलं, "काकूंना आवडली का बोट?" मंडळी शेजारच्या बाकावर बसल्या होत्या.

नोंदणीच्या कार्यालयात २७ दिवस फेऱ्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी संगणक बंद. शेवटी दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा कळलं की त्या क्रमांकाची बोट मोडीत काढल्याचं मूळ मालकानं आधीच कळवलं होतं. दाखला मात्र जमा करून घेतला नव्हता. तो दाखला बाहेर राहिला म्हणून माझ्यापुढे आला. हे लेखी विचारलं, उत्तर नाही.

ठाण्यात घेत नसतील तर भांडत बसू नका, मी दोन महिने वाया घालवले. त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा, तरी काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मी तो केलाय, आजवर चार तारखा पडल्या. ग्राहक आयोगाचं वेगळं आहे. खासगी माणसानं विकलेली जुनी वस्तू तिथे टिकणं अवघड, पण मध्यस्थानं ३५,००० घेऊन सेवा दिली आहे, त्या धाग्यावर वकील तक्रार बांधताहेत. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. मध्यस्थीचे पैसे रोख दिले असते तर हाही धागा राहिला नसता. ते यूपीआयनं दिले, एवढं एक बरं झालं.

मंडळींनी मला एकदाही बोल लावला नाही. त्या दिवशीच्या धारेबद्दलही नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

लिहायचं नव्हतंच. पण गेल्या आठवड्यात चोपड्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. नंबर त्यांनी शोधून काढला होता. त्याच मध्यस्थानं त्यांना एक बोट दाखवलीय आणि भरवसा बसावा म्हणून माझा फोटो पाठवलाय: "धुळ्याचे एसटीतले काका, मागच्या वर्षी घेतली, खूश आहेत." १ डिसेंबरला त्यानंच काढलेला फोटो. गुरुजी ५१,००० देऊन बसलेत. मी विचारलं, कधी बोलावलंय पाहायला? म्हणाले, पौर्णिमेला, सकाळी अकराच्या आत.

स्टिअरिंगवर हात ठेवून उभा असलेला पांढऱ्या टोपीतला म्हातारा आणि मागे हिरव्या लुगड्यातली बाई, असा फोटो तुम्हाला कुणी दाखवला तर ते आम्ही आहोत. ती बोट आज खाडीकाठी ओंडक्यांवर पडलीय आणि जागेचं भाडं रोजचं १५० रुपये चढतंय.