डक्टकडे उघडणारे न्हाणीघर: पंखा खिडकीत की माळ्यावर?

जुन्या सोसायटीतील न्हाणीघराची खिडकी मोकळ्यावर न उघडता डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडत असेल, तर निवड बहुधा दोनच गोष्टींत उरते: काचेच्या पट्ट्या काढून खिडकीत बसवायचा सहा इंची एक्झॉस्ट पंखा, किंवा न्हाणीघरावरच्या माळ्यात बसवून चार इंची पाइपाने हवा बाहेर सोडणारा इनलाइन पंखा. ठाण्यातील आमच्या घरी पहिला सहा वर्षे होता. दुसऱ्याने आता तीन पावसाळे पाहिले आहेत.

खिडकीतला पंखा स्वस्त असतो, इलेक्ट्रिशियन तासाभरात बसवून जातो, आणि हवा ओढण्यात तो कमी पडला असे मला म्हणता येणार नाही. त्रास होता तो पंखा बंद असतानाचा. त्याच्या मागच्या झडपा हवेच्या जोराने उघडतात आणि स्वतःच्या वजनाने मिटतात. परंतु त्यांवर ओलसर धूळ आणि डक्टमधल्या कबुतरांची पिसे चिकटली की त्या अर्धवट उघड्याच राहतात. मग खालच्या मजल्यावर कोणी विडी पेटवली, की धूर आमच्या टॉवेलात. दर महिन्याला स्टुलावर चढून, विष्ठेने माखलेल्या कठड्यावरून हात बाहेर काढून, जुन्या टूथब्रशने त्या झडपा खरवडायच्या, याला मी अखेर कंटाळलो.

इनलाइन पंख्याला मला जवळजवळ चौपट खर्च आला. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला कमिटीची परवानगी घ्यावी लागली आणि गणपतीचे मखर माळ्यावरून पलंगाखाली गेले. पाइप मात्र लवचीक घेऊ नये. तो मध्ये झोळ खातो आणि वाफेचे पाणी तिथेच साचते. आमचा कडक पीव्हीसीचा असून बाहेरच्या बाजूला किंचित उतरता आहे. खिडकी काचेने बंद केल्यामुळे डक्टशी संबंधच उरला नाही. मी मोजमाप केलेले नाही, पण पूर्वी जुलैत दोन दिवस ओला राहणारा टॉवेल आता संध्याकाळपर्यंत वाळतो, आणि छताच्या कोपऱ्यातली काळी बुरशी रंगकामानंतर परतलेली नाही.

दोन्हींसाठी दाराखाली अर्धा इंच फट लागतेच. आत हवा आली नाही, तर पंखा बाहेर काय टाकणार? गॅस गीझर आत असेल, तर तो आधी बाहेर न्यावा. त्याच्या विषारी वायूवर पंखा हा उपाय नव्हे.

घर भाड्याचे असेल किंवा कमिटी भोकाला तयार नसेल, तर मीही खिडकीतलाच पंखा घेईन, परंतु त्याच्या झडपा आतून निघतात का, हे दुकानातच तो उलटा करून पाहीन.