क्रूझ ठरवताना: जुनं लहान जहाज की नवं अवाढव्य?

क्रूझला जायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न जहाजाचा. एका बाजूला जानेवारी २०२४मध्ये सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’. लांबी ३६५ मीटर, २० डेक, सात पोहण्याचे तलाव, सहा मोठ्या घसरगुंड्या, आणि पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी. दुसऱ्या बाजूला १९९८ ते २००१ या काळात फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेली आठ जुळी जहाजं. ज्या ‘रेनेसाँ’ कंपनीसाठी ती बांधली ती २००१मध्येच बुडाली. जहाजं मात्र टिकली. हात बदलत बदलत त्यातली चार ‘अझमारा’कडे आणि चार ‘ओशिॲनिया’कडे गेली. लांबी १८१ मीटर, प्रवासी सातशेच्या आत-बाहेर.

मी दोन्ही तऱ्हेच्या जहाजांवर राहिले आहे आणि माझा कल लहान जहाजाकडे आहे, हे आधीच सांगते. पण ‘जुनं’ आणि ‘लहान’ हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, तिथेच ठरवणाऱ्याची गफलत होते. लहानपणामुळे जे मिळतं ते वेगळं आणि जुनेपणामुळे जे सोसावं लागतं ते वेगळं. दोन्ही गोष्टी सुट्या करून बघाव्यात.

गर्दीचं गणित

मोठ्या जहाजावर चेंगराचेंगरी आणि लहानावर ऐसपैस, असा सर्वसाधारण समज असतो. आकडे काढून बघा. जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसतं, ते आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी जागेचा अंदाज येतो. ‘आयकॉन’चं टनेज २,४८,६६३ आणि एका खोलीत दोघे धरून प्रवासी ५,६१०. भागाकार येतो ४४. त्या जुन्या जुळ्यांचं टनेज ३०,२७७ आणि प्रवासी ६८४. भागाकार पुन्हा ४४! आकारात आठपट फरक असून माणशी जागा तेवढीच.

मग लहान जहाजावर मोकळं का वाटतं? कारण गर्दी जाणवते ती जागेच्या सरासरीमुळे नाही, एकाच वेळी एकाच दारातून किती माणसं जाणार आहेत यामुळे. बंदरावर उतरताना, बस पकडताना, परत येऊन सुरक्षा तपासणीतून जाताना पाच हजार माणसांची रांग आणि सातशे माणसांची रांग यांत तुमच्या सुट्टीचे तास अडकलेले असतात. मोठ्या जहाजावर कार्यक्रम आणि काही जेवणघरं फोनवरच्या ॲपमधून आधी राखून ठेवावी लागतात, लोकप्रिय गोष्टी निघण्याआधीच भरून जातात. लहान जहाजावर नाश्ता आटोपून सरळ जिना उतरायचा आणि धक्क्यावर पाऊल ठेवायचं. तिसऱ्या दिवशी वाढणारे तुम्हाला नावाने हाक मारतात. ज्यांना गर्दीत हरवून जाणंच आवडतं त्यांना हे जाचक वाटू शकतं. चेहरे तेच, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा त्याच.

जहाज कुठपर्यंत जाऊ शकतं

माझ्या मते खरा निर्णय इथे होतो, आणि तो जहाजाच्या आकाराशी बांधलेला आहे.

सेव्हिल घ्या. शहर समुद्रापासून आत, ग्वादलकिवीर नदीवर आहे. नदी चढून, जलपाशातून (पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या दारांमधून) आत शिरून लहान जहाज शहराच्या उंबऱ्यावर उभं राहतं. रात्रीचं जेवण जहाजावर घेऊन पुन्हा गावात फेरफटका मारता येतो. अवाढव्य जहाज काडिझला थांबतं आणि तिथून सव्वाशे किलोमीटर रस्त्याने. बोर्डोचंही तेच. लहान जहाज गारोन नदीतून थेट शहराच्या जुन्या घाटाला लागतं. मोठ्या जहाजांना नदीच्या मुखापाशी थांबावं लागतं, तिथून शहर शंभरेक किलोमीटर. कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही जहाजांच्या नावापुढे शहराचं नाव तेच छापलेलं असतं. फरक त्यापुढच्या लहान अक्षरांत असतो, म्हणून बंदराचं खरं नाव वाचायची सवय लावून घ्या.

कॉरिंथचा कालवा हे टोकाचं उदाहरण. ग्रीसमधला हा कालवा खडकात उभा कापलेला, पाण्याच्या पातळीला जेमतेम २४ मीटर रुंद. ऑक्टोबर २०१९मध्ये ‘ब्रेमार’ हे १९९३चं, १९५ मीटर लांब आणि साडेबावीस मीटर रुंद जहाज त्यातून गेलं. त्या कालव्यातून गेलेलं ते सर्वांत लांब जहाज. कठड्याशी उभं राहून हात लांबवावा तर खडकाला लागेल असं वाटावं, इतकी कमी जागा. नव्या अवाढव्य जहाजांवर कितीही सोयी असोत, हा अनुभव त्यांच्या आवाक्यातला नाही.

अंटार्क्टिकात तर नियमच आहे. ५००हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने तिथे कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही, आणि लहान जहाजांनीही एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० माणसं उतरवायची. बर्फावर पाऊल ठेवायचं असेल तर मोठं जहाज यादीतून आपोआप बाद होतं. फ्लोरिडातल्या टॅम्पा बंदराच्या वाटेवर सनशाइन स्कायवे पूल आहे. त्याखालची उंची साधारण ५५ मीटर, त्यामुळे उंच जहाजं आत जाऊच शकत नाहीत आणि त्या बंदरातून जुन्या, बुटक्या जहाजांनाच काम मिळतं.

पण ‘लहान’ शब्दावर आंधळा विश्वास नको. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जाणाऱ्या मार्गावर १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनेजपेक्षा मोठ्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजांना बंदी आहे. आपली ती जुळी जहाजं १८१ मीटरची! क्रूझच्या जगात त्यांना लहान म्हणतात, व्हेनिसच्या नियमात ती मोठी ठरतात.

आणखी एक अडचण. छोट्या बंदरांत पुष्कळदा धक्का नसतो. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लाँचने किनाऱ्यावर जावं लागतं. समुद्र खवळला तर लाँच बंद आणि बंदर हुकलं. उंच जहाजांची अडचण निराळी. त्यांच्या बाजूंना वारा शिडासारखा भरतो आणि जोराच्या वाऱ्यात त्यांनाही धक्क्याला लागता येत नाही.

बोट लागण्याची भीती

ही भीती खरी आहे. खोल समुद्रात १० ते ११ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची लांबी साधारण १५५ ते १९० मीटर असते. जहाजाची लांबी लाटेच्या लांबीच्या आसपास आली की ते पुढे-मागे जास्त झोकांड्या खातं. १८१ मीटरचं जहाज नेमकं त्या टप्प्यात सापडतं. ३६५ मीटरचं जहाज एकाच वेळी दोन लाटांवर विसावतं आणि आतल्या माणसाला कळतही नाही. बाजूंना बसवलेले स्थिरक पंख डावी-उजवीकडचं डोलणं पुष्कळ कमी करतात, पण पुढे-मागे होणाऱ्या हेलकाव्यांवर त्यांचा उपाय चालत नाही.

म्हणून ज्यांना घाटातल्या गाडीतही मळमळतं त्यांनी लहान जहाजाने पहिल्याच खेपेला महासागर ओलांडायला जाऊ नये. उन्हाळ्यातला भूमध्य समुद्र, फियॉर्ड (डोंगरांमधल्या अरुंद खाड्या) किंवा नदीमुखांची सफर निवडावी. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी असतात.

जुनेपण: काय खटकतं, काय घाबरवतं

खटकणाऱ्या गोष्टी आधी. जुन्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या कमी. न्हाणीघर इतकं अरुंद की कित्येक जहाजांवर काचेच्या दाराऐवजी पडदा असतो आणि तो अंगाला चिकटतो. प्लगच्या जागा एक किंवा दोन. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेली एक्स्टेंशन बोर्डं जहाजावर चालत नाहीत, म्हणून साधा यूएसबी चार्जर न्यावा. शौचालयांची निर्वात नळयोजना एके ठिकाणी तुंबली की त्या रांगेतल्या सगळ्या खोल्यांना त्रास. प्रॉपेलर लांब दांड्यावर फिरणाऱ्या जहाजांत मागच्या टोकाला कंप जाणवतो. जहाजाखाली टांगलेल्या, गोल फिरणाऱ्या विद्युत प्रॉपेलरची पद्धत क्रूझ जहाजांत १९९८मध्ये ‘एलेशन’पासून सुरू झाली, आणि त्यानंतरही सगळ्यांनी ती घेतली नाही. चाकाच्या खुर्चीतून प्रवास करणाऱ्यांसाठी तर जुनं जहाज अवघडच. दारांना उंच उंबरे, सोयीच्या खोल्या मोजक्या, वर लाँचमध्ये चढ-उतार. असं कुणी बरोबर असेल तर माझा सगळा कल बाजूला ठेवून मी नवं जहाजच सुचवेन.

आता घाबरवणारी गोष्ट. १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या, १२० मीटर किंवा त्याहून लांब प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की ठरावीक मर्यादेतली आग लागली किंवा पाणी शिरलं तरी जहाजाला स्वतःच्या बळावर बंदर गाठता आलं पाहिजे. म्हणजे महत्त्वाच्या यंत्रणा दुहेरी आणि एकमेकींपासून दूर. आधीच्या जहाजांवर ही सक्ती नाही. फेब्रुवारी २०१३मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनघरात आग लागली, वीज गेली, शौचालयं बंद पडली आणि चार दिवसांनी ते ओढत किनाऱ्याला आणावं लागलं. ते जहाज १९९९चं होतं, आणि लहान मुळीच नव्हतं. हा धोका वयाचा आहे, आकाराचा नाही. उलट मार्च २०१९मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिनं बंद पडली. ते जेमतेम दोन वर्षांचं होतं. टाक्यांमधलं वंगणतेल कमी होतं. तेव्हा नवं म्हणजे निर्धोक असंही मानू नका.

फार जुन्या जहाजांची चाळण आधीच होऊन गेली आहे. ऑक्टोबर २०१०पासून जळाऊ साहित्याच्या वापराबद्दलचे नियम कडक झाले आणि १९८०च्या आधीची बहुतेक प्रवासी जहाजं निवृत्त झाली. जी उरली त्यांच्या बाबतीत बांधणीच्या वर्षापेक्षा ती सुक्या गोदीत (जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्त करायच्या जागी) शेवटची कधी गेली आणि तिथे काय काम झालं हे विचारावं. १९८८चं ‘क्राउन ओडिसी’ २००८मध्ये हॅम्बुर्गला मधोमध कापून, ३० मीटरचा नवा तुकडा बसवून ‘बाल्मोरल’ झालं. अशा जहाजाचं वय एका आकड्यात सांगता येत नाही. पण गोदीतल्या कामाची जाहिरात वाचताना गालिचे आणि पडद्यांच्या रंगांवर थांबू नका. नळयोजना, वातानुकूलन, इंजिन यांचा उल्लेख आहे का ते शोधा.

दोन तपासण्या घरबसल्या करता येतात. ‘इक्वासिस’ या मोफत संकेतस्थळावर नाव नोंदवलं की जहाजाची बंदरांवर झालेली तपासणी आणि त्यात आढळलेल्या त्रुटी दिसतात. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांसाठी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे स्वच्छतेचे गुण जाहीर होतात. १००पैकी ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. मी त्या एका आकड्यापेक्षा मागच्या तीन-चार तपासण्यांचा ओघ बघते. सतत वर असलेला आकडा म्हणजे कर्मचारी जहाजाला जपतात.

जुन्यातली एक जमेची गोष्ट

ती म्हणजे चालायचा डेक. १९९७चं ‘रॉटरडॅम’, जे पुढे ‘बोरिआलिस’ झालं, त्याच्यासारख्या जहाजांवर सागवानी फळ्यांचा रुंद डेक जहाजाला सलग वेढा घालतो. पहाटे त्यावर फेऱ्या मारताना पाणी अगदी जवळ असतं, त्याचा आवाज कानात, खारा वारा तोंडावर. नव्या मोठ्या जहाजांवर बाहेरच्या कडेची जागा बाल्कन्यांनी घेतली आहे आणि सगळी वर्दळ आतल्या चौकांकडे वळली आहे. समुद्र बघायला म्हणून जाणाऱ्या माणसाला हा फरक फार लागतो. मला लागला.

मुलं आणि पैसे

लहान मुलं बरोबर असतील तर वाद नको, मोठं जहाज घ्या. लहान जहाजावर मुलांची खोली असलीच तर नावापुरती, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आता काय करू?’ सुरू होतं. संध्याकाळच्या करमणुकीतही मोठ्या जहाजाशी बरोबरी नाही. लहानावर एखादा पियानो, एखादं व्याख्यान, आणि साडेदहाला सामसूम. इंटरनेटचा फरक मात्र उपग्रहसेवा सुधारल्यापासून फारसा उरलेला नाही.

भाड्याबद्दल एवढंच की जुनं आणि मध्यम आकाराचं जहाज बहुधा स्वस्त असतं, लहान आणि नीट राखलेलं जहाज बहुधा महाग. महागाच्या भाड्यात बक्षिसी, पेयं वगैरे धरलेलं असतं, स्वस्तात ते वेगळं लागतं. तुलना करताना शेवटच्या दिवशीचं पूर्ण बिल मनात धरा.

खोली निवडताना

लहान जहाज ठरलं तर आणखी एक काम उरतं. मी एकदा खालच्या डेकवर, अगदी पुढच्या टोकाची खोली घेतली होती, स्वस्त मिळाली म्हणून. ज्या ज्या बंदरात नांगर टाकायचा त्या त्या पहाटे साखळी माझ्या उशामागून खडखडत गेली. तेव्हापासून डेकचा नकाशा उघडून तीन डेक एकमेकांवर ठेवून बघते: माझ्या खोलीच्या वर काय, खाली काय, शेजारी काय. वर स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येणार. नकाशात जी जागा नुसती पांढरी, बिननावाची सोडलेली असते तिथे यंत्रं किंवा सामानाच्या गाड्यांची वाट असते. वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही शेजारी खोल्या, आणि लिफ्टपासून पाच-सहा दारं लांब, अशी मधली खोली मिळाली तर ती आधी राखून टाका. लहान जहाजावर अशा खोल्या फार नसतात.