कंबोडियातल्या सिएम रीपचं अपोपो व्हिजिटर सेंटर: अंगकोरला जाताय तर इथे एक तास काढाच

रेटिंग ५ पैकी ५. आमच्या टूरवाल्याच्या लिस्टमध्ये हे ठिकाण नव्हतंच, विचारलं तर म्हणाला उंदीर काय बघायचेत, पण आम्ही आईला घेऊन गेलोच आणि अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते हेच.

अपोपो ही मूळची बेल्जियमची संस्था, मोठ्या आफ्रिकन उंदरांना टांझानियात टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखायला शिकवते आणि २०१६ पासून कंबोडियात सीमॅक या तिथल्या सरकारी संस्थेसोबत सुरुंग शोधते. डेमो बघाच. दोन माणसं समोरासमोर, मध्ये ताणलेली दोरी, तिला बांधलेला उंदीर नाक जमिनीला लावून सरळ चालत जातो, वास आला की थांबून पंजाने माती खरवडतो, मग क्लिक असा आवाज होतो आणि हा धावत येऊन केळ्याचा तुकडा घेतो. वजन सव्वा किलोच्या आसपास, त्यामुळे पायाखाली सुरुंग असला तरी फुटत नाही. टेनिस कोर्टएवढी जागा अर्ध्या तासात हुंगून होते, मेटल डिटेक्टरवाल्या माणसाला त्यालाच चार दिवससुद्धा लागतात कारण त्याला प्रत्येक खिळ्या-पत्र्यापाशी थांबावं लागतं. उन्हाने भाजू नये म्हणून उंदरांच्या कानांना सनस्क्रीन लावतात! आई आधी लांब उभी होती, शेवटी तिनेच हातात घेतला आणि म्हणाली, अगं किती ऊबदार आहे हा.

पण मला खरं लिहायचंय ते पैशांबद्दल. १९७९ पासून सुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बनी कंबोडियात जवळपास २० हजार माणसं मेलीत, जखमी झालेले ४५ हजारांच्या आसपास. थायलंडच्या बाजूला यादवीतले सुरुंग आणि पूर्वेकडे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने टाकलेले बॉम्ब. आणि ते काढायचा खर्च वर्षानुवर्षं बराचसा परदेशी मदतीवर चाललाय, जपान, अमेरिका, चीन वगैरे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा सीमॅकला काही भागातलं काम बंद ठेवावं लागलं, पुढच्याच महिन्यात चीनने ४४ लाख डॉलर जाहीर केले आणि अमेरिकेनेही या कामाची मदत पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. त्याच फेब्रुवारीत सिएम रीप प्रांतात दोन वर्षांची दोन मुलं घराजवळ जुना ग्रेनेड फुटून गेली. शेत साफ होणार की नाही हे दुसऱ्या देशातल्या एका सहीवर ठरावं याचा मला खूप त्रास झाला. २०२५ पर्यंत सुरुंगमुक्त व्हायचं कंबोडियाचं टार्गेट होतं, त्यासाठी २०२२ मध्ये त्यांनी देशातच लोकांकडून आणि उद्योजकांकडून वर्गणी गोळा केली, हे मला फार आवडलं, पण काम एवढं मोठंय की शेवटी २०३० पर्यंत मुदतवाढ मागावी लागली.

म्हणून इथलं तिकीट काढताना घासाघीस करू नका, ते पैसे याच कामाला जातात. सकाळी जा, दुपारी ऊन फार असतं. मागावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांसाठीच्या संस्थेचं शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, त्याच्यानंतरच्या रोनिन या उंदराने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत एकट्याने १०९ सुरुंग शोधले होते, ही गोष्ट लहान मुलांना नक्की सांगा, ती एकदम गुंग होऊन ऐकतात.

घरी आल्यावर मी एक उंदीर ऑनलाइन दत्तक घेतला, दर महिन्याला थोडे पैसे जातात आणि त्याचं काय चाललंय ते मेलवर कळतं. मेल आली की आई म्हणते, आधी वाचून दाखव.