कोल्हापुरात प्रवाळांची टाकी: एलईडी, टी-फाइव्ह की मेटल हॅलाइड?

लाइट घ्यायच्या आधी एक ठरवा, टाकीत कोणती प्रवाळं ठेवणार? प्रवाळाच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. म्हणजे लाइट हे त्याचं जेवणच. शैवालाला वापरता येणारा उजेड 'पार' (PAR) या मापात मोजतात. मशरूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक प्रवाळांना २०० ते ३५० लागतो, पण ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांचा नाद नको. मालवणला फिरायला गेलात तरी तिथला तुकडा उचलून आणायचा नाही.

मऊ प्रवाळंच ठेवायची म्हटल्यावर मेटल हॅलाइड, म्हणजे वायू भरलेला प्रखर दिवा, जवळपास बादच होतो. त्याच्या उजेडात वाळूवर लाटांची जाळी हलते, ते दृश्य खरंच देखणं. पण २५० वॅटचा एक दिवा रोज आठ तास चालवला की महिन्याला ६० युनिट जातात, आणि उष्णता वरून पाण्यात उतरते ती वेगळीच. प्रवाळांना २४ ते २६ अंश पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी खोलीतलं पाणी नुसतं ठेवलं तरी त्याच्या वर जातं. मग पाणी थंड करणारा चिलर आला, त्याचं बिल आलं.

टी-फाइव्हचा, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूबचा, उजेड मला मनापासून आवडतो. तो सगळीकडे सारखा पसरतो, दगडाच्या खालच्या बाजूलाही सावली कमी पडते. तीन फुटी टाकीवर ३९ वॅटच्या चार ट्यूब, महिन्याला ३७-३८ युनिट. अडचण ट्यूबची आहे. वर्षभरात तिचा रंग आणि जोर उतरतो, डोळ्यांना पेटलेली दिसली तरी बदलावीच लागते. इलेक्ट्रिकच्या दुकानात 'टी-फाइव्ह' मागितलं की घरगुती एलईडी पट्टी हातात देतात, ती इथे कामाची नाही. निळी अ‍ॅक्टिनिक ट्यूब बाहेरून मागवायची आणि ती काच कुरिअरमधून धड यावी म्हणून वाट बघायची.

एलईडीत १०० वॅटला महिन्याला २४ युनिट लागतात, निळा-पांढरा वेगवेगळा कमीजास्त करता येतो आणि उष्णता बहुतेक वर हीटसिंकमध्ये, म्हणजे ती शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत जाते. मात्र उजेड एका जागी एकवटतो, आणि जोर भलताच असतो. मी पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात लावला होता. बशीएवढा पसरलेला हिरवा मशरूम चौथ्या दिवशी दहाच्या नाण्याएवढा आक्रसला, कडा पांढऱ्या पडल्या. त्याला दगडाच्या आडोशाला हलवलं, लाइट ३० टक्क्यांवर आणली, तेव्हा दीड महिन्याने पुन्हा पसरला. उजेड कमी पडला तर उलटं होतं: झोअँथिडचे देठ लांब होऊन माना वर काढल्यासारखे दिसतात.

दोन-तीन फुटी टाकीला माझं मत सरळ डिमरवाल्या एलईडीला. चार फुटी असेल तर एकच मोठी घेण्यापेक्षा दोन लहान लावा, सावल्या कमी पडतात. टी-फाइव्ह त्यांनीच घ्यावी ज्यांना दरवर्षी ट्यूब मागवायचा कंटाळा नाही. लाइटचा ब्रॅकेट उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घ्या, पण अ‍ॅल्युमिनियमचा. लोखंडी गंजतो आणि त्याचे थेंब टाकीत पडतात.

पावसाळ्यात लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप जोडा. प्रवाळं एक-दोन दिवस अंधार काढतात, पण थांबलेलं पाणी त्यांना सोसत नाही.

नवी एलईडी लावताना ३० टक्क्यांपासून सुरुवात करा आणि आठवड्याला पाच टक्केच वाढवा. प्रवाळ तळाशी ठेवा, दिवसाला आठ तासांवर जाऊ नका आणि रोज एकाच वेळी त्याचा फोटो काढून ठेवा. कडा फिक्या दिसल्या की त्याच दिवशी दहा टक्के खाली या.