ओलिव्हेन्सा कोणाचे? पोर्तुगालचा दावा आणि स्पेनचा ताबा

स्पेनच्या पश्चिम कडेला, ग्वादियाना नदीच्या पूर्वेस, ओलिव्हेन्सा नावाचे साधारण १२ हजार वस्तीचे गाव आहे. १८०१ पासून ते स्पेनकडे आहे आणि पोर्तुगालने स्पेनची ही मालकी आजवर मान्य केलेली नाही. अभिरूप न्यायालयासाठी किंवा वादविवाद स्पर्धेसाठी हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला पेच असतो तो बाजू निवडण्याचा. त्यांच्यासाठी दोन्ही दावे इथे समोरासमोर ठेवतो आहे. माझा कौलही सांगणार आहे, कारण कौल न देता केलेली तुलना निवड करणाऱ्याच्या फारशी कामाची नसते.

पोर्तुगालची बाजू सहसा १२९७ पासून सुरू होते. त्या वर्षी अल्कानिसेसच्या तहाने कॅस्टीलने, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या जुन्या राज्याने, हे गाव पोर्तुगालचा राजा दिनिश याला दिले. पुढची पाच शतके ते बहुतांशी पोर्तुगालकडेच राहिले. गावातले मग्दालेना चर्च आजही त्याची साक्ष देते. दोरखंडासारखे पिळलेले त्याचे खांब राजा मानुएलच्या काळातल्या खास पोर्तुगीज शैलीचे आहेत. पण बाजू मांडताना या पाच शतकांवर फार भार टाकू नका. गोव्यावरही पोर्तुगालची साडेचारशे वर्षे सत्ता होती, आणि ‘इतकी वर्षे आमचे होते’ हा युक्तिवाद आपण तिथे मान्य केला नाही, करूही नये. वसाहत वेगळी आणि मायदेशाचा भाग वेगळा, हे उत्तर बरोबर आहे. ते आधीच तयार ठेवा, कारण आपल्याकडचा परीक्षक हा प्रश्न हमखास विचारेल.

खरा वाद १८०१ चा आहे. ब्रिटनला बंदरे बंद करावीत म्हणून नेपोलियनचा फ्रान्स आणि स्पेन पोर्तुगालवर दबाव आणत होते. मे महिन्यात स्पेनचा सेनापती गोदोय याच्या सैन्याने चढाई केली. काही आठवड्यांच्या या लढाईला ‘संत्र्यांचे युद्ध’ म्हणतात. ६ जूनच्या बादाखोसच्या तहात स्पेनने जिंकलेली इतर गावे परत केली. ओलिव्हेन्सा मात्र ठेवून घेतले आणि त्या भागात ग्वादियाना ही हद्द ठरवली.

हा तह बळजबरीचा होता म्हणून रद्द, असे अनेक विद्यार्थी लिहितात. हा मुद्दा टिकत नाही. १८०१ मध्ये युद्धानंतर लादलेला तह कायदेशीरच मानला जाई. जुन्या घटनेला त्या काळचाच कायदा लावायचा, हे तत्त्व पाल्मास बेटाच्या वादातल्या १९२८ च्या निवाड्यात लवाद मॅक्स ह्युबर यांनी स्पष्ट मांडले आहे. त्यापेक्षा तहभंगाचा मुद्दा कितीतरी भक्कम आहे. कोणतेही कलम मोडले तर तह रद्द होईल, अशी तरतूद बादाखोसच्या तहातच होती. १८०७ मध्ये स्पेनने फ्रान्सशी फाँतेनब्लोचा करार करून पोर्तुगालच्या वाटणीचा बेत केला आणि दोघांचे सैन्य पोर्तुगालात घुसले. ब्राझीलला गेलेला पोर्तुगालचा राजप्रतिनिधी जुआंव याने १ मे १८०८ रोजी रिओहून बादाखोसचा तह रद्द झाल्याचे जाहीर केले.

त्यानंतर येते नेपोलियनच्या युद्धांनंतर युरोपातल्या सत्तांनी भरवलेल्या व्हिएन्ना परिषदेच्या १८१५ च्या कराराचे १०५ वे कलम. पोर्तुगालची मागणी न्याय्य असल्याचे त्यात मान्य आहे. स्पेननेही १८१७ मध्ये त्यावर सही केली. पण पोर्तुगालचे घोडे इथेच पेंड खाते. गाव परत मिळावे यासाठी सामोपचाराने प्रयत्न करू, असे सत्तांनी म्हटले. ते अमुक तारखेला सोपवले जाईल, असे कुठेच नाही.

स्पेनचा युक्तिवाद थोडक्यात सांगता येतो: तह झाला, हस्तांतर झाले, आणि झालेले हस्तांतर नंतरच्या युद्धाने आपोआप उलटत नाही. शिवाय याच १८०१ मध्ये पोर्तुगालच्या लोकांनी दक्षिण अमेरिकेत स्पेनचा मिशनांचा (ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या वसाहतींचा) प्रदेश घेतला. तो परत दिला नाही आणि आज तो ब्राझीलमध्ये आहे. त्यावर दोनशेहून अधिक वर्षांचा अखंड कारभार. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

मात्र दीर्घ ताबा मालकीत बदलायला समोरच्याचे मौन लागते, आणि पोर्तुगालने ते कधी पूर्ण पाळलेले नाही. दोन्ही देशांची हद्द १८६४ आणि १९२६ च्या करारांनी आखली गेली, पण काया आणि कुंकुस या ओढ्यांच्या दरम्यानचा तुकडा रिकामा सोडला. तिथे हद्दीचे सुमारे शंभर दगड आजही बसवलेले नाहीत. ग्वादियानावरचा जुना अजुदा पूल १७०९ च्या युद्धात उडवला गेला आणि पडीकच राहिला. शेजारी २००० साली नवा पूल झाला. त्याचा खर्च पोर्तुगालने एकट्याने केला, कारण खर्च वाटून घेणे म्हणजे नदी ही हद्द असल्याचे कबूल करणे. पुलासारख्या साध्या गरजेपुढेही आपला हक्क सांभाळण्याचा हा निर्धार मला फार बोलका पुरावा वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्तुगालचे संरक्षणमंत्री नुनो मेलो यांनीही ओलिव्हेन्सा पोर्तुगालचेच असल्याचे जाहीरपणे म्हटले.

उलट बाजूने स्पेनचा वकील विचारेल: मग न्यायालयात का नाही गेलात? प्रश्न बिनतोड आहे. दादरा-नगर हवेलीच्या वाटेसाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९६० पर्यंत खटला लढवला. ओलिव्हेन्सासाठी ती पायरी कधीच चढली नाही. स्पेनचीही अडचण आहेच. १७१३ च्या तहाने दिलेले जिब्राल्टर तो ब्रिटनकडून परत मागतो आणि स्वतः ओलिव्हेन्सावर चर्चाही करत नाही.

राहिले गावकरी. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत पोर्तुगीज भाषा मागे पडली आणि आता ती मुख्यतः म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. तरी २०१० पासून रस्त्यांच्या पाट्यांवर जुनी पोर्तुगीज नावे परत आली, आणि गेल्या काही वर्षांत शेकडो रहिवाशांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले. गोव्यात घराघरांत ज्या पासपोर्टची चर्चा चालते, तोच हा. पण नागरिकत्व घेणे म्हणजे गावाने देश बदलावा असे म्हणणे नव्हे, आणि तशी काही मोठी चळवळ गावात उभी नाही. १९९५ पासून शेंगेन या युरोपीय देशांच्या खुल्या सीमांच्या व्यवस्थेमुळे नदीवर तपासणीही उरलेली नाही.

म्हणून निवड ठरावाच्या शब्दांवरून करा. ‘पोर्तुगालचा दावा कायद्याने संपला आहे का’ असा प्रश्न असेल तर बिनधास्त पोर्तुगाल घ्या. तहभंग, १०५ वे कलम आणि न बसवलेले दगड, या क्रमाने गेलात तर उत्तर देणे स्पेनला जड जाईल. ‘ओलिव्हेन्सा आज परत द्यावे का’ असा प्रश्न असेल तर स्पेन घ्या. माझा स्वतःचा कौलही तोच आहे: दावा जिवंत आहे, पण तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय गाव हलवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. आणि बाजू निवडायला मिळालीच नाही, चिठ्ठीने ठरली, तरी तयारी १०५ व्या कलमापासूनच सुरू करा, कारण दोन्हीकडचा अर्धा युक्तिवाद त्या एका परिच्छेदाच्या अर्थावर उभा आहे.