क्रतेक की पिंगू?

लहानग्यांना यातलं कुठलं कार्टून दाखवायचं? मूल दोन-अडीच वर्षांचं असेल, तर माझं मत सरळ क्रतेकला. चेक चित्रकार झ्देन्येक मिलर यांचा हा छोटा मोल, म्हणजे जमिनीत बिळं करणारा प्राणी, पहिल्यांदा 1950च्या दशकात पडद्यावर आला. त्या पहिल्या फिल्ममध्ये त्याला खिशांची विजार हवी असते. मग जवसाचं झाड त्याला सांगतं, माझ्यापासून कापड होतं. खोड भिजवायचं, कुटायचं, विंचरायचं. मग कोळी सूत काढतात, मुंग्या विणतात. शेतातून अंगावर कपडा कसा येतो, ते मुलाला आपसूक दिसतं. त्या फिल्ममध्ये संवाद आहेत, पण नंतरच्या बहुतेक फिल्म्समध्ये हसू नि हुंकारच. ते आवाज मिलर यांच्या मुलींचे.

पिंगू हा पेंग्विन स्वित्झर्लंडचा, 1990चा, मातीच्या बाहुल्यांचा. एक भाग साधारण पाच मिनिटांचा, म्हणजे वरणभात संपेपर्यंत पुरतो. त्याची बोली कुठल्याच देशाची नाही, त्यामुळे पुण्यातल्या नातवाला आणि न्यू जर्सीतल्या नातीला तो सारखाच कळतो. पण पिंगू हट्टी. रुसतो, आदळआपट करतो, चोचीचा भोंगा करून 'नूट नूट' ओरडतो. पोरं दिवसभर तेच करत बसतात, हे आधीच सांगून ठेवते! शिवाय स्वप्नात अजस्र प्राणी येतो तो भाग लहानग्यांना घाबरवू शकतो; तो गाळा.

तीन-चारच्या पुढे मात्र पिंगूच लावा. धाकट्या बहिणीवरचा त्याचा राग त्या वयाला बरोब्बर समजतो. झोपायच्या आधी दोघांपैकी क्रतेकच बरा.